आवाजाचं पोट

सहा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आईला नाही. देवासमोर उभा राहिलो तरी दुसरंच काहीतरी मागून बाहेर यायचो. आता तुम्ही बसलाच आहात तर सांगतो — पण मधी थांबलो तर थांबू द्या. माझं तोंड लई चालतं, कुण्याही गिऱ्हाइकाला विचारा. ह्या एका गोष्टीपाशीच ते अडकतं.

मी उदगीरला लाऊडस्पीकर बनवतो. बनवतो म्हणजे खरंच बनवतो — प्लायवूड कापून डबा करायचा, कागदी कोन चिकटवायचा, तांब्याच्या तारेची कॉइल हातानं गुंडाळायची. लोकांना खरं वाटत नाही. "कंपनी कोणती?" हा पहिला सवाल. "मीच की," म्हणलं की माणूस डबा सोडून माझ्याच तोंडाकडं बघतो, आन् मग मोबाईल काढून बटाट्याएवढा प्लास्टिकचा स्पीकर दाखवतो. म्हणे घरपोच येतो! पावसाळ्यात प्लाय फुगतं, उन्हाळ्यात गोंद लावायच्या आधीच सुकतो, लाईटीचं तर नावच काढू नका. तरी टिकून राहिलो. का? तर मला गौसभाईंनी शिकवलं म्हणून.

गौसभाईंचं दुकान माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या पलीकडं. पाच वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. माणूस तिखट. कॉइलचा एक वेढा चुकला की पेचकसाची मूठ बोटावर बसायची. एकच गोष्ट रोज सांगायचे, "आवाज कू पेट होना रे. गला तो कव्वे कू बी रहता." नुसता वर कर्कश वाजणारा डबा त्यांना चालायचा नाही, खालचा, भरलेला आवाज पाहिजे. पोट पाहिजे. मी स्वतःचं दुकान काढलं तेव्हा आले, माझा पहिला डबा बोटानं ठोकून बघितला, "ठीक है" म्हणाले आन् गेले. त्यांच्या तोंडून तेवढं म्हणजे सत्कारच.

मग ते मंगल कार्यालय.

जवळच्याच एका गावात नवीन बांधलं होतं. मालकानं आम्हा दोघांनाही डबे घेऊन बोलावलं — समोरासमोर वाजवा, गावाला पसंत पडतील ते ठेवू. मला चार महिने धड काम नव्हतं. हे मी कशाला सांगतोय? सांगू नये. त्यांना तरी कुठं काम होतं?

आधी माझे डबे वाजले. बरे वाजले. मग गौसभाईंनी त्यांची जोडी लावली, तारा जोडल्या, आन् हात धुवायला जाताना मला म्हणाले, "बालाजी, जरा देखते रह रे. मैं आतौं."

मला म्हणाले. दुसऱ्या कुणाला नाही.

डब्याच्या मागं दोन चिमटे असतात, एक लाल, एक काळा. मी उजव्या डब्याच्या मागं गेलो — आन् लालमधली तार काळ्यात घातली, काळ्यातली लालमध्ये. शर्टाची दोन बटणं लावायला लागतो तेवढा वेळ. बस्स. अशी एक तार उलटी झाली की दोन डबे एकमेकांशी भांडतात. एक पुढं ढकलतो तेव्हा दुसरा मागं ओढतो, आन् मधी बसलेल्या माणसाला खालचा आवाज येतच नाही. पण एका डब्याला खेटून उभं राहिलं तर काही कळत नाही. आन् गौसभाई नेहमी डाव्या डब्याला खेटूनच उभे राहायचे, गाणं लावायच्या मशीनपाशी. हे मला माहीत होतं.

गाणं लागलं. मधी बसलेल्या माणसांनी तोंडं वाकडी केली. एकजण तर हसून ओरडला, "गौसभाई, तुमच्या आवाजाला पोटच न्हाई की ओ!"

त्यांचाच शब्द. ते एकदा डब्याकडं बघायचे, एकदा लोकांकडं. त्यांना तर नीटच ऐकू येऊन राहिलं होतं ना! तो चेहरा — जाऊ द्या. मी काय केलं माहीत आहे? पुढं झालो, "द्या गौसभाई, तारा मी गुंडाळतो," म्हणालो, आन् पुरावाच काढून घेतला. काम मला मिळालं, वर त्यांना चहा पाजला.

घरी नेऊन त्यांनी जोडी पुन्हा लावली असणार. चांगलीच वाजली असणार. आन् तिथंच त्यांनी तो हिशेब लावला, जो मी स्वप्नातही धरला नव्हता. त्यांना वाटलं, मला चांगलं लागतं आन् चार लोकांना लागत नाही, मतलब माझा कान गेला. दोन महिन्यांत शटर ओढलं. पुतण्याच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला बसले. आन् एक दिवस माझ्याकडं आले, कॉइल गुंडाळायचा त्यांचा सागवानी गट्टू माझ्या हातात ठेवला. त्यांच्या वडलांचा होता तो. "मेरा कान गया. अब तू संभाल."

मी घेतला! सहा वर्षं त्याच गट्टूवर कॉइली गुंडाळल्या. दर कॉइलला वाटायचं, आज सांगावं. सांगितलं का? नाही.

मन जागं झालं आन् त्यांच्या घरी गेलो, असंही काही नाही. नांदेडच्या एका गाण्याच्या क्लासकडून आठ जोड्यांचं काम आलं, एकट्याच्यानं होईना, म्हणून गेलो. हात तरी चालतात का त्यांचे, बघावं. सोबत नवी जोडी नेली, दाखवायला. ते मधी खाटेवर बसलेले, डबे दोन कोपऱ्यांत. घाईत तारा जोडल्या, गाणं लावलं. दोन ओळीपण झाल्या नसतील.

"पेट नै है रे," गौसभाई म्हणाले. "एक तार उल्टी है."

वाकून बघितलं. खरंच उलटी होती. देवाशपथ, ह्या वेळी चुकून. मी सरळ केली, आन् खोली भरून आवाज आला. गौसभाई उठून उभे राहिले. कानाला हात लावला. हसले — सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "अरे, मेरा कान!" म्हणाले. "मेरा कान है रे, बालाजी!"

तेव्हा गप्प बसता आलं असतं. त्यांना कान मिळाला, मला कारागीर मिळाला. मी म्हणालो, "त्या दिवशीपण उलटीच होती, गौसभाई. मीच केली होती."

त्यांनी गाणं बंद केलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग एवढंच म्हणाले, "मेरा गट्टू ला के दे."

मी त्याच पावली जाऊन आणून दिला.

आता त्यांचं शटर रोज उघडं असतं. नांदेडच्या क्लासवाल्याला मी त्यांच्याकडं पाठवलं. आठपैकी पाच जोड्या ते करून राहिले, तीन मी. माझ्याशी बोलत नाहीत. सुताराकडून मी नवा गट्टू करून घेतला, त्यावरच्या पहिल्या चार कॉइली फेकून द्याव्या लागल्या. दुपारी दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्या डब्याचा आवाज येतो. पोट असतं त्याला. मी हातातलं काम थांबवतो आन् ऐकतो.

परवा एका गिऱ्हाइकानंही तो ऐकला. "हा कुणाचा ओ?" म्हणालं.

"गौसभाईंचा."

"त्यांचा तर कान गेला म्हणत होते ना?"

"कान कधीच गेला नव्हता," मी म्हणालो. "तार मी उलटी केली होती."

गिऱ्हाईक माझ्याकडं बघत राहिलं, मग पिशवी उचलून तिकडं गेलं.