रिकाम्या कॅमेऱ्यासमोर वहिनी

आमचा दादा नटनट्यांच्या चेहऱ्याचे फोटो काढायचा. काम मागायला जाताना ते जो एकच मोठा फोटो सोबत नेतात, तो. शिंप्याच्या दुकानावरची खोली, एक मोठी खिडकी, छत्रीचा दिवा आणि उजेड परतवायला थर्मोकोलचा तक्ता, एवढाच सगळा पसारा. केस मी विंचरायचे, पावडर मी लावायचे, आणि एखादा नट फारच हवेत असला तर त्याला जमिनीवर आणायचं कामही माझ्याचकडे होतं.

दादाची एक खोड होती. सुरुवातीला तो कॅमेऱ्यात रोल घालायचाच नाही, रिकामाच खटाखट दाबत राहायचा. समोरचा आधी हनुवटी वर करून रुबाब दाखवी, मग गूढ हसे, मग कंटाळून खांदे पाडी. "आता आला खरा चेहरा," असं पुटपुटत दादा पाठमोरा होऊन रोल भरी. डोक्यावर जास्त जागा सोडली की माणूस खड्ड्यात उभा वाटतो, डोळ्यांत उजेडाचा ठिपका हवाच, आणि फोटोतला माणूस नि दारातून आत येणारा माणूस एकच दिसला पाहिजे, हे तो येईल त्याला ऐकवायचा.

बायकोच्या बाबतीत मात्र हे सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलेलं. वहिनीने लग्नाआधी नाटकांत नायिकेची कामं केली होती. मुलं मार्गी लागल्यावर, पन्नाशी उलटून गेल्यावर, तिला पुन्हा कामाची ओढ लागली. दादाने छत्री अगदी समोर आणली, खालून तक्ता लावला आणि एक सुरकुती दिसू दिली नाही. त्या फोटोवर तिला एका नाटक कंपनीने नायिकेच्या मोठ्या बहिणीसाठी बोलावलं. ती आत गेली, तर तिथला माणूस म्हणाला, "मुलीला नाही आणलंत?"

घरी येऊन तिने भांडी आदळली नाहीत, म्हणून मी जास्त घाबरले. जेवताना इतकंच म्हणाली, "त्यांना आजीच्या कामासाठीही कुणीतरी हवंय. अहो, मला आहे तशी काढा. या वेळी नाही जमलं तर पुन्हा कुणाच्या दारात जायची नाही मी."

दादाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा छत्री समोर ओढायला लागला.

"वन्सं, सांगा ह्यांना काहीतरी."

"दादा, बायको आहे ती तुझी, बाहुली नाही."

"बरं बाई, आधी नुसतं बघू तर दे." त्याने छत्री बाजूला केली, पडदा सरकवला आणि सवयीप्रमाणे कॅमेरा दाबू लागला. खिडकीचा उजेड एका बाजूने आला आणि वहिनीच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ उठून दिसली. रोल नाही म्हणून दादा निर्धास्त. "पहिल्या भेटीत काय डाफरली होतीस माझ्यावर," म्हणाला. "हनुवटी खाली घ्या म्हटलं, तर म्हणालीस, तुम्हीच वर या." वहिनी हसली. ते हसू इतकं जुनं होतं, की मी हातातला पावडरचा डबा खाली ठेवला.

मग त्याने छत्री पुन्हा समोर ओढली आणि रोल भरायला कॅमेरा उघडू लागला.

"उघडू नका," वहिनी म्हणाली. "रोल आहे आत. सकाळीच भरलाय मी."

एवढा मुरलेला माणूस, पण रोल पुढे सरकवताना हाताला जड लागतंय हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. तो बायकोकडे बघत होता.

ते काम तिला मिळालं. त्यानंतर कितीतरी वर्षं तिने आज्या केल्या, खाष्ट, प्रेमळ, बहिऱ्या, सगळ्या.

दादा गेला तेव्हा भिंतीवर लावायला त्याचा एक धड फोटो सापडेना. जन्मभर कॅमेऱ्यामागेच उभा. मुलगा कपाटं उपसत बसला. वहिनीने आतून स्वतःचाच तो खिडकीच्या उजेडातला फोटो आणला आणि त्याच्या हातात दिला.

"आई, हा तुझा आहे. बाबांचा हवाय."

"ह्यात आहेत की ते," वहिनी म्हणाली. "मी कुणाकडे बघून हसतेय मग?"