भांगेचं बी आणि आर्णीचा मामा

"मामा काय, कोणीही उभा राहिला तरी चालते. लोकं नवरीकडं पाहतात. तिच्या मांगं कोण उभं आहे, हे कोण पाह्यते?"

आत्या स्वयंपाकघरात बोलत होती. मी चहाचे रिकामे कप घेऊन आत निघाले होते, ती दाराबाहेरच थांबले. ओट्यापाशी आई पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं, मग पुन्हा सुरू झालं.

"वर्ध्याच्या भाऊंना सांगू," आत्या म्हणाली. "चुलत असला तरी मामाच आहे. रिटायर माणूस. सफारी घालून उभा राहीन, चांगला दिसीन."

"ताई, माझा सख्खा भाऊ आहे ना आर्णीला."

"मी कुठं नाही म्हणते? पण नवरदेव पोरगा बाहेरदेशी जाऊन राह्यला. व्हिसाचे कागद चाललेत त्याचे. त्या लोकांना कळलं का मुलीचा मामा गांजाच्या केसमध्ये आहे, मग?"

"गांजा नव्हता तो," आई म्हणाली. पण इतकं हळू, की ते आत्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

गांजा नव्हता. घरात हे सगळ्यात नीट मला माहीत होतं, कारण त्या प्रकरणातला प्रत्येक इंग्रजी कागद मामाला मीच वाचून दाखवला होता. आत जाऊन तेवढं सांगायचं होतं. मी कप परत नेऊन टीपॉयवर ठेवले.

आमच्याकडे गौरीहराजवळून नवरीला मांडवात मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. मी लहान असताना मामा म्हणायचा, "तुह्या लग्नात मी असा उभा राहीन, की फोटोत नवरदेव झाकला जाईन." तो उंच आहे, आणि अंगानंही भरलेला. मला ते खरं वाटायचं आणि नवरदेवाची काळजी वाटायची.

मामाचं आर्णीला कृषी केंद्र होतं. कपाशी, तूर, सोयाबीनचं बियाणं, औषधं, फवारणीचे पंप. दुकानाच्या मागच्या खोलीत ओली गोणपाटं पसरलेली असायची. कुठल्याही वाणाची पिशवी विकायला काढण्याआधी तो त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचा आणि काही दिवसांनी उलगडून किती उगवले ते बघायचा. कंपनीनं पिशवीवर छापलेलं असायचंच, तरीही. "छापाले काय लागते," तो म्हणायचा. "नाही उगवलं तर माणूस कंपनीकडं नाही जात. माह्या दुकानापुढं येऊन उभा राह्यते." उगवलेले दाणे मोजायचं काम सुट्टीत माझ्याकडे असायचं. मी यवतमाळच्या इंग्रजी शाळेत जायची आणि कुठेच फार बोलायची नाही. मोजायच्या कामाला बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडायचं.

पुढे त्यानं थोडा ऑनलाइन धंदा सुरू केला. आपल्याकडची बाहेरदेशी गेलेली माणसं जवस, कारळ, अंबाडीचं बी मागवायची. कुणाला चटणीसाठी हवं असायचं, कुणाला कुंडीत लावायला. त्यांच्या मेलना उत्तरं मी लिहायची. मामा काउंटरवरून मराठीत सांगायचा, मी इंग्रजीत करायची. मला तो "मॅडम" म्हणायचा. "मॅडम, वाचा बा, काय म्हणते ह्या बाई."

मग एकदा बियाण्याच्या कंपनीनं विक्रेत्यांची टूर काढली, उत्तराखंडला. तिथं कुणाच्या तरी घरी मामानं भांगेच्या बियांची चटणी खाल्ली. भाजून, वाटून, लिंबू पिळून. तिकडे ती रोजच्या जेवणात असते, आपल्याकडे जवसाची असते तशी. नशेचा त्यात काही संबंध नसतो. मामाला ती इतकी आवडली की येताना तो लहान पोतंभर बी घेऊन आला, पावतीसकट. आर्णीत आल्यावर तो आधी एका वकिलाकडे गेला. वकील म्हणाले, आपल्या कायद्यात नुसतं बी म्हणजे गांजा नाही. पानं नकोत, शेंडे नकोत, बी चालतं. मामानं तेवढं ऐकलं आणि त्याचं समाधान झालं. ते आपल्या कायद्याबद्दल बोलत होते, हे त्याच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

साइटवर ते बी टाकल्यावर ऑस्ट्रेलियातून एका बाईंची मागणी आली. त्या मूळच्या उत्तराखंडच्या पहाडातल्या, तिकडे डबे करून द्यायच्या. आईच्या हातची चटणी करायची आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. मामा खूश झाला. त्यानं पाकिटं भरली आणि त्यांना लेबल लावलं. लेबलावरचं इंग्रजी त्याला माझ्याकडून लागायचं नाही. आयुष्यभर बियाण्याच्या पिशव्या वाचून ते शब्द त्याला पाठ होते. पिकाचं नाव, वाण, कुठून आणलं, शुद्धता. आणि खाली, ठळक: उगवणशक्ती ८५ टक्के. ओल्या गोणपाटात ठेवून त्यानं स्वतः मोजली होती.

त्या ओळीनं सगळं केलं. तिकडे भांगेचं बी खायला म्हणून चालतं, पण ते मेलेलं हवं. उगवणारं बी म्हणजे लागवडीचं बी, आणि भांगेच्या लागवडीचं बी परवान्याशिवाय त्या देशात आणणं हा गुन्हा. पाकिटावर आम्हीच लिहून दिलं होतं की हे उगवतं.

त्या बाईंचा मेल आला तेव्हा मी दुकानात होते. मामा कुणाला तरी पंपाचा वॉशर दाखवत होता.

"वाचा मॅडम."

मी वाचलं. त्यांच्या घरी अधिकारी येऊन गेले होते. हे कुठे लावायला मागवलं, असं त्यांना विचारत होते. मी फक्त खायला मागवलं होतं, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं. 'तुम्ही असं का लिहिलंत?' एवढंच त्यांनी शेवटी विचारलं होतं.

मामानं वॉशर खाली ठेवला. "त्याहिले सांग, चांगलं बी आहे. पंच्याऐंशी टक्के म्हणजे चांगलं असते."

"मामा, त्याचाच तर त्रास झालाय."

"काहून? खोटं लिहिलं काय मी?"

त्याला समजावायला मला बराच वेळ लागला. समजल्यावर तो काउंटरमागून निघाला. मागच्या खोलीत जाऊन गोणपाटं गोळा करू लागला.

मग एकेक सुरू झालं. मुंबईहून जाणारी त्याची बाकीची पार्सलं टपालाच्या कस्टममध्ये थांबवली. त्याला नोटीस आली. बँकेनं खातं गोठवलं. लेबल लावून बियाणं विकलं पण ते वाण परवान्यावर नाही, म्हणून दुकानाचा परवाना चौकशी होईपर्यंत स्थगित झाला, तोही ऐन हंगामाच्या तोंडावर. एकदा पोलिसांची गाडी दुकानापुढे उभी राहिली. नमुना तपासायला गेला आणि अहवाल आला की यात नशेचं काही नाही. पण अहवाल येईपर्यंत बरेच महिने गेले, आणि गाडी तर भर बाजारात उभी राहिली होती. समोरच्या पानठेल्यावर मी स्वतः ऐकलं:

"कायले कपाशी विकते भाऊ आता, फॉरेनचा माल आहे त्याच्याकडं."

"म्हणून तर एवढा फुगला!"

मामा हसला त्यांच्याबरोबर. मी मोबाइलमध्ये बघत राहिले.

मुंबईच्या वकिलांचा फोन यायचा तेव्हा मामा तो स्पीकरवर टाकायचा, मी शेजारी बसायची. एकदा ते वैतागून म्हणाले, "अहो, भाजून का नाही पाठवलंत? एकदा कढईत फिरवलं असतं तर आज काही नसतं."

"भाजल्यावर ते बी कायचं राह्यते साहेब? तो दाणा झाला. मी बियाणेवाला आहे."

बऱ्याच दिवसांनी मामाचा चेहरा त्या क्षणी पूर्वीसारखा दिसला होता. मला अजूनही वाटतं, ती कढई त्याला आधी कुणीतरी सुचवायला हवी होती. ज्या बाईंना चटणी हवी होती त्यांनी ते भाजलंच असतं. त्यांच्या केसचं पुढे काय झालं ते कळलं नाही. वकिलांनी आम्हाला त्यांना लिहू दिलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा लिहिलं नाही.

दोन हंगाम दुकान बंद राहिल्यावर मामानं ते सोडलं. आता तो ठिबकच्या पाइपांच्या एका गोदामात बसतो. फाइल मुंबईत अजून उघडी आहे. दंडावर मिटेल म्हणतात.

माझं लग्न ठरलं ते या सगळ्याच्या मधे. मुलाकडची माणसं अमरावतीची. त्यांनी मामाबद्दल काहीच विचारलं नव्हतं. पण विचारतील, या भीतीनं आमच्या घरात वेगळ्या आवाजात बोलणी व्हायला लागली. बाबा ऑफिसातून आले की आत्या त्यांना गॅलरीत न्यायची. बाबांना मामा आवडायचा. तरीही ते म्हणाले, "एक दिवसाचा प्रश्न आहे." आई स्वयंपाकघरात निघून जायची. मला कुणी विचारलं नाही, आणि मी असं दाखवलं की मला माहीतच नाही. गप्प राहणाऱ्या मुलीला काही कळत नाही, असं घरात सगळे धरून चालतात. त्याचा मी आयुष्यभर फायदाच घेतला आहे.

शेवटी मामानंच सगळ्यांची सुटका केली. त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. आईच्या फोनमधल्या आवाजावरूनच त्याला कळलं असणार. त्या संध्याकाळी आईनं फोन स्पीकरवर ठेवला होता, आम्ही सगळे बसलो होतो.

"अवं बाई, त्याच दिवशी माही मुंबईची पेशी लागली, केसची तारीख," मामा म्हणाला. "काय करतं आता? टाळता येत नाही."

"अरे, लग्नाच्या दिवशी?"

"सरकारले कुठं लग्न कळते! वर्ध्याच्या भाऊले उभं कर. त्याले बी हौस आहे."

आत्यानं मोठा श्वास सोडला. बाबा म्हणाले, "बघ, आता त्याचाच नाइलाज आहे म्हटल्यावर." आई फोनकडे बघत राहिली.

मामाच्या पेशीचे मेल माझ्याकडे येतात. त्या दिवशी कसलीही पेशी नव्हती. त्या महिन्यातही नव्हती. तो खोटं बोलला, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे फोनवरच्या त्याला माहीत होतं. तो थोडं थांबला. मी काही बोलेन म्हणून थांबला, की बोलू नये म्हणून, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

"मॅडम आहेत काय तिथं?" त्यानं विचारलं.

"हो मामा."

"मजेत राहा."

लग्नाच्या आधी आर्णीच्या बसनं मामाकडची पिवळी साडी आली. मामी आली होती ती घेऊन. मामीनं माझ्या पदराला सेफ्टी पिन लावली आणि "छान दिसते" म्हणाली. ती पूर्ण वेळ मागच्या खुर्च्यांवर बसली होती, आणि मामा कुठे आहेत, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला "मुंबईले गेले" असं सांगत होती. मामाची साडी नेसून मी गौरीहरापुढे बसले. वर्ध्याचे मामा सफारी घालून आले आणि त्यांनी मला हळूच दंडाला धरून उठवलं. फार सभ्य माणूस. चालताना माझा पाय साडीत अडकला तर "सावकाश बेटा" म्हणाले. मंगलाष्टकं सुरू असताना मागून त्यांच्या अत्तराचा वास येत होता. अक्षता पडत होत्या. आत्याचं खरंच होतं, मागे कोण उभं आहे हे कुणी बघत नव्हतं.

हार घालून झाले, फोटो झाले. माझे सासरे स्टेजवर आले. त्यांनी सरळ वर्ध्याच्या मामांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"मामा, तुम्हाला भेटायचंच होतं. ते बियाण्याचं प्रकरण आमच्या मुलानं सांगितलं होतं, लग्न ठरायच्याही आधी. बी उगवते असं खरं लिहिलं म्हणून अडकले म्हणे तुम्ही. फार वाईट वाटलं. मिटलं का ते?"

वर्ध्याचे मामा बाबांकडे बघू लागले. बाबा स्टेजच्या पायऱ्यांकडे बघत होते. "हो... म्हणजे, चालू आहे," वर्ध्याचे मामा म्हणाले.

"वकील चांगला आहे ना? लागलं तर सांगा. आपली माणसं आहेत तिकडे."

"चला, चला, पंगत खोळंबली," आत्या मधे आली. सासऱ्यांनी हात सोडला नव्हता. वर्ध्याच्या मामांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. पहिल्या भेटीत मीच ज्याला हे सांगितलं होतं, आणि सांगितल्याचं घरी बोलले नव्हते, तो नवरा माझ्या शेजारी उभा होता; त्यानं मामाला कधी पाहिलं नव्हतं, त्याला काहीच विचित्र वाटत नव्हतं. खाली मागच्या खुर्चीवर मामी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिथवर आवाज जाईल एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नव्हते.

"हे वर्ध्याचे मामा आहेत," मी म्हणाले. "तुम्ही ज्याचं विचारता तो माझा मामा आर्णीला आहे. आम्ही त्याला येऊ दिलं नाही."