शरयूकाकूंची रेनबो बेबी

आमच्या जबलपूरच्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या शरयूकाकू म्हणजे तोंडाच्या भारी फटकळ. पण कुणाकडे बाळ झालं की पदर खोचून सगळ्यांच्या आधी हजर! मी त्यांची शेजारीण प्रतिमा, माझ्या दोन्ही पोरांना त्यांनीच पायावर घेऊन न्हाऊ घातलं. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, अनिमेषला, मात्र लग्नानंतर बरीच वर्षं मूल होईना. टोमणे मारून मारून सुनेला, यशश्रीला, पार नकोसं केलं बाईंनी.

शेवटी पुण्याला नात झाली. यशश्रीने फोटोखाली लिहिलं, 'आमची रेनबो बेबी'. झालं! इंद्रधनुष्यासारखी गोड, असा काकूंनी आपला अर्थ लावला. दूधवाल्या भैयाला 'आमची रेनबो बेबी', भाजीवाल्या दीदीला तेच. बारसं जबलपूरलाच ठरलं, तर कमानिया गेटच्या बाजारातून सात रंगांच्या झिरमिळ्या आणून पाळण्याला बांधल्या.

बारशाला यशश्रीची मैत्रीण अवंतिका आली होती. काकूंचं येईल त्याला 'रेनबो बेबी, रेनबो बेबी' ऐकून तिने त्यांचे हात धरले. "काकू, तुम्ही किती मोकळेपणी सांगून राहिल्या! लोक तर पहिलं बाळ गेलेलं लपवतात."

"कोणतं पहिलं बाळ?"

अवंतिकाचा चेहरा उतरला. चाचरत म्हणाली, "एक बाळ गेल्यावर जे होतं ना, त्यालाच रेनबो बेबी म्हणतात."

बाप रे! माझ्या हातून घुगऱ्यांचं पातेलं सुटता सुटता राहिलं. काकू मटकन खालीच बसल्या.

"यशू, काहून नाही सांगितलंस गं मला?"

"सांगायलाच आले होते आई, त्या दिवाळीत," यशश्री म्हणाली. "पोटातच, पाचव्या महिन्यात गेली ती. तुम्ही दारातच विचारलंत, यंदाही रिकाम्या हातांनीच आलीस का?"

काकूंनी फाडकन स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. "जळो माझी जीभ!"

कुणीतरी घाईघाईने बायकांना पाळण्याशी उभं केलं, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' सुरू झालं. आत्या बाळाच्या कानाशी वाकणार, एवढ्यात काकू ओरडल्या, "थांबा जी! आधी मोठीचं नाव."

त्यांनी बाळाला उचलून माझ्याकडे दिलं. रिकामा पाळणा हलवला म्हणून आम्हाला फैलावर घेणारी ही बाई, आणि स्वतःच दोरी ओढू लागली!

"यशू, मनात काही ठरवलं होतंस ना?"

यशश्रीने त्यांच्या कानात सांगितलं.

काकूंनी पाळण्यावर वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं ते नाव घेतलं, "समृद्धी!" आणि सासूसमोर कधीही डोळ्यांत पाणी न आणलेल्या यशश्रीने त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.