अहवालातून गाळलेली ओळ

बाळांनो, परवा तुमच्या अमेरिकेतल्या कॉलेजचा फुटबॉलचा सामना तुम्ही मला लॅपटॉपवर दाखवलात. पंचाने खेळ थांबवला, कानाला हेडफोन लावला, व्हिडिओ पुन्हा तपासला गेला आणि त्याने भरल्या मैदानासमोर माइकवर आपलाच निर्णय फिरवला. "इट्स नॉर्मल, आजी," तुम्ही म्हणालात. मला ते नॉर्मल वाटलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

दोन हजार आठच्या मंदीनंतर तुमच्या आजोबांची नोकरी गेली. आम्ही शारजात, अल मजाजला राहत होतो. व्हिसा कॅन्सल झाला. देश सोडायला एक महिना. दर शुक्रवारी ते अजमानला कॉलेजांच्या फुटबॉल सामन्यांना हौसेने पंच म्हणून जात. तो फुटबॉल तुमच्यासारखा नव्हे, पायाने खेळायचा. स्पर्धेचे सेक्रेटरी एक शाळा चालवत. ते म्हणाले होते, "साहेब, आम्हाला स्पोर्ट्स टीचर हवाच आहे. फायनल होऊ द्या, मग तुमच्या व्हिसाचं बघतो. इन्शाल्ला." त्या भरवशावर मी खोकी बांधायची थांबवली.

फायनलच्या शेवटच्या मिनिटाला चेंडू गोलच्या आडव्या दांडीला लागून खाली आदळला. आजोबांनी गोल दिला. सामना संपल्यावर हरलेल्या संघातल्या एका खेळाडूचे वडील, रत्नागिरीकडचे, हँडीकॅम घेऊन आले. त्या एवढ्याशा पडद्यावर चेंडू रेषेच्या अलीकडेच पडलेला दिसत होता. आजोबांनी दोनदा पाहिलं.

"चूक माझी," ते म्हणाले. "निकाल आता बदलत नाही. पण रिपोर्टमध्ये तसं लिहीन."

"नक्की ना, साहेब? पोरगा जेवला नाही तर हा कागद तरी दाखवीन त्याला."

"शब्द देतो."

त्यांचे रिपोर्ट मीच इंग्रजीत टाइप करायची. तो गोल नव्हता, हे वाक्य त्यांनी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, आत्ताच कशाला? सेक्रेटरींना काय वाटेल?"

"तू टाइप कर गं. स्पेलिंग तेवढं बघ."

मी ती ओळ गाळली. त्यांनी न वाचता सही केली. माझं टाइपिंग ते कधीच तपासत नसत.

आठवड्याने ते वडील रिपोर्टची प्रत घेऊन दारात उभे. आत या म्हटलं तरी येईनात. "नजर कुणाचीही चुकते, साहेब. त्याचा राग नव्हता. पण तुम्ही जबान दिली होती."

आजोबांनी कागद वाचला. एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना म्हणाले, "माझ्याकडून राहून गेलं. माफ करा."

गोष्ट सेक्रेटरींपर्यंत गेली. बोलतो एक आणि लिहितो दुसरं, असा माणूस त्यांना मुलांसमोर नको होता. त्यांचा फोन दोन मिनिटांत खलास. मी पुन्हा खोकी आणली.

पुण्याला परतल्यावर सोसायटीतली मुलं पंच म्हणून बोलवायला येत, पण आजोबांनी शिट्टी पुन्हा तोंडाला लावली नाही. मला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, शेवटपर्यंत. ते वडील दारात आले त्या दिवशी मी आजोबांच्या मागेच उभी होते, हातात पाहुण्यासाठी चहाचा ट्रे. ओळ मी गाळली, एवढं म्हणायला माइक लागत नव्हता. मी ट्रे तसाच आत नेला.