मागच्या पानाचा मॅनेजर

पेपर तो कायम उलटा ठेवायचा. दुकानाच्या काउंटरवर अंक टाकला की मागचं पान वर आणि पहिलं पान खाली, काचेला तोंड लावून. मालकाने सवयीने अंक उलटवायला हात घातला की हा त्या हातावर आपला हात ठेवायचा आणि म्हणायचा, "वाचू नका मालक. नुसतं बघा की."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. जे विकायचं त्यावर स्वतःचा काडीचाही विश्वास नसतो आणि त्यामुळेच त्यांचा माल खपतो. आमच्या सोलापूरच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचा पेपर निघायचा, त्याचा हा जाहिरात व्यवस्थापक. सगळे त्याला मॅनेजर म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि हजेरीपटाशी त्याचा संबंध बेताचाच होता. मी त्या पेपरची संपादक. म्हणजे मागच्या पानाला आधार म्हणून जी बाकीची पानं लागतात ती भरायचं काम माझ्याकडे.

तो आमच्यापेक्षा चांगलाच मोठा होता. मराठीत एम. ए. झालं, मग इतिहासात झालं, मग तो आमच्याकडे पत्रकारितेला आला. हॉस्टेलची खोली सुटू नये म्हणून माणूस काय काय शिकेल सांगता येत नाही. मधल्या काळात स्पर्धा परीक्षा चालूच. शर्टाच्या खिशात पासपोर्ट साइज फोटोंचं पाकीट कायम, कारण फॉर्म कधी सुटेल याचा नेम नाही. निकाल लागला की चार दिवस गप्प बसायचा आणि पाचव्या दिवशी सात रस्ता चौकात जाहिराती मागत फिरताना दिसायचा.

रोख जाहिरात त्याला क्वचितच मिळे. म्हणून त्याने अदलाबदल सुरू केली. खानावळवाल्याने जाहिरातीच्या बदल्यात ताटं दिली. चष्मेवाल्याने फ्रेमा दिल्या, आणि नंबर नसलेल्यांनीही त्या घेतल्या. सलूनवाल्याने कटिंग दिली, पण फुकटची म्हणून पार टाळूपर्यंत मशीन फिरवली. आमच्या संपादक मंडळातली सगळी पोरं एकसारखी दिसायला लागली. कुठल्या कार्यक्रमाला गेलं की लोक दबक्या आवाजात विचारायचे, कुणाच्या घरात काही झालंय का. मी तेवढी वाचले.

बातम्यांवर त्याचा राग नव्हता. त्या जागा खातात एवढीच त्याची तक्रार होती. एकदा आमच्या एका मुलीने त्याच खानावळीच्या आमटीवर लिहिलं की ताटलीच्या तळावरचं कंपनीचं नाव आमटीतून स्वच्छ वाचता येतं. मला वाटलं, गेली जाहिरात. मॅनेजरने ती बातमी शांतपणे खानावळीच्या जाहिरातीच्या शेजारी लावली आणि अंक घेऊन मालकाकडे गेला. "एका पैशात दोनदा नाव आलंय की," म्हणाला. मालकाने आमच्यासाठी भजी तळायला सांगितली.

आमच्या विभागाचे सर माध्यमांची नीतिमत्ता शिकवायचे आणि दर अंकाला त्याच विषयावर लेख द्यायचे. लेखाचं पहिलं अर्धं छापून यायचं, दुसऱ्या अर्ध्याच्या जागी कधी झेरॉक्सवाला, कधी साडी सेंटर. सर रागावले की मॅनेजर नम्रपणे सांगे, पुढच्या वेळी नक्की. पुढच्या वेळी सर नवीन लेख द्यायचे. त्यामुळे आमच्या पेपरात नीतिमत्तेची सुरुवात बऱ्याचदा झाली, शेवट एकदाही नाही.

आता खपाचं सांगते. आमचे गठ्ठे कॅन्टीनच्या दारात पडलेले असायचे आणि पोरं त्यावर बसून चहा प्यायची. उरलेला माल मॅनेजर अक्कलकोटच्या एसटीत टाकायचा. अक्कलकोटच्या पुढे त्याचं गाव, तिथे त्याच्या वडिलांचं किराणा दुकान. सगळे त्यांना अप्पा म्हणत. साखर, शेंगा, डाळ, सगळं आमच्या पेपरात बांधून गावभर जायचं. पेपर घरोघर पोचला म्हणतात तो असा.

आणि अप्पा तो वाचायचे. त्यांची शाळा कानडीतली, मराठी अक्षरं मोठेपणी दुकानातल्या मालावरून शिकलेली. त्यामुळे साबणाच्या वेष्टनापासून जे समोर येईल ते बोट ठेवून, मोठ्याने, एकेक अक्षर लावत वाचत. पुडी बांधायला कागद फाडला की आधी वाचायचे, मग बांधायचे. गिऱ्हाईक ताटकळत उभं. मॅनेजर त्यांची नक्कल करून आम्हाला हसवायचा. पण मला तेव्हाच कळलं होतं की आमच्या पेपराला वाचक असा एकच आहे.

तर एका उन्हाळ्यात स्पर्धा परीक्षेचा निकाल लागला आणि एका अकॅडमीने पूर्ण मागचं पान घेतलं. तेही रोख. मॅनेजर त्या दिवशी हवेत होता. अशा जाहिराती तुम्ही पाहता. वर अकॅडमीच्या सरांचा भला मोठा फोटो, खाली चौकटी, चौकटीत निवड झालेल्यांचे चेहरे. यातला एकेक चेहरा शहरातल्या चार अकॅडम्यांच्या जाहिरातीत असतो. बिचाऱ्याने एवढ्या ठिकाणी शिकून अभ्यास कधी केला, हे कुणी विचारत नाही.

भर दुपारी आम्ही पान लावायला बसलो. सगळे चेहरे लावून झाले आणि शेवटच्या ओळीत एक चौकट रिकामी राहिली. पडलेल्या दातासारखी दिसत होती. मॅनेजरने अकॅडमीच्या सरांना फोन लावला. ते लग्नात जेवायला बसले होते. घाला की कुणाचा तरी, म्हणाले.

मॅनेजर थोडा वेळ त्या चौकटीकडे बघत राहिला. मग खिशातलं पाकीट काढलं आणि स्वतःचा फोटो कॉम्प्युटर ऑपरेटरपुढे ठेवला. मी म्हटलं, हे काय चालवलंय? तो म्हणाला, त्याच अकॅडमीत दोन वर्षं बसलोय, म्हणजे हक्काचाच आहे. खाली काय लिहू, ऑपरेटरने विचारलं. इतरांच्या खाली कुठल्या कुठल्या हुद्द्यांची नावं होती. मॅनेजरने खरं तेच सांगितलं: जाहिरात व्यवस्थापक. "बारीक घाल," म्हणाला. "कोण वाचतंय."

कुणी वाचलं नाही. अंक आला, कॅन्टीनमध्ये पोरं त्यावर बसली, उरलेले गठ्ठे एसटीने गावाला गेले. गावात कुणीतरी शेंगदाण्याची पुडी सोडली आणि आतून आपला मॅनेजर हसताना दिसला. पुडी सोडणाऱ्याने तेलकट कागदाचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. त्या फोटोत चेहरा ओळखू येत होता, खालचं अक्षर येत नव्हतं. दिवस मावळायच्या आत गावाने त्याला साहेब करून टाकलं. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर सत्काराचा फ्लेक्स लागला. त्यात सरपंचांचा फोटो सगळ्यात मोठा, मॅनेजरचा त्याच्या निम्मा, अप्पांचा नव्हताच.

सत्काराला त्याने आम्हा दोघातिघांना बळंच सोबत नेलं. एसटीत तो माझ्या पुढच्या सीटवर बसला होता. तोपर्यंत मी त्याची यथेच्छ टिंगल करत होते. साहेब, खिडकी उघडू का, साहेब, तिकीट आमचं काढता का, असं. वाटेतलं वळसंग गाव गेल्यावर तो मागे वळला. त्याचा चेहरा बघून माझी टिंगल आटली.

"गावाचं काय न्हाय मॅडम," तो म्हणाला. "गाव हसंल आन इसरंल. अप्पांना खरं वाटलं असंल तर मी त्यांना कसा सांगू?"

इतक्या वर्षांत अप्पांनी त्याला एका शब्दाने विचारलं नव्हतं की पास कधी होणार. निकालाच्या निकालाला हा नापास व्हायचा आणि ते हॉस्टेलवर शेंगाचटणीचा डबा पाठवायचे. आता कुठे त्यांना आनंद झाला असेल, तर तो याच तोंडाने काढून घ्यायचा होता. गावात गेल्या गेल्या त्यांना बाजूला घेऊन सांगायचं, असं आमचं ठरलं. पण स्टँडवरच हलगी उभी होती. फेटा बांधला, गुलाल टाकला आणि बसवण्णाच्या देवळासमोर त्याला थेट स्टेजवर चढवलं. अप्पा धुवट धोतर नेसून खुर्चीत बसले होते. मॅनेजर त्यांच्याजवळ वाकला, काहीतरी पुटपुटला, पण स्पीकरपुढे कुणाचं काय ऐकू येणार!

भाषणं झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, मॅनेजरला ज्यांनी गणितात नापास केलं होतं ते गुरुजी बोलले. त्यांनी तर याची बुद्धी आपण पहिलीतच ओळखली होती असं सांगितलं. फेट्याखाली मॅनेजरला दरदरून घाम फुटला होता. मग कुणीतरी अप्पांच्या हातात माइक दिला, दोन शब्द बोला म्हणून.

अप्पांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. आमचंच मागचं पान. मॅनेजरने मान खाली घातली. अप्पांनी नेहमीसारखं बोट ठेवलं आणि अख्ख्या गावासमोर एकेक अक्षर लावत वाचलं: जा-हि-रा-त, व्य-व-स्था-प-क.

"मी पयल्या दिवशीच वाचलो हे," ते म्हणाले. "पोरगा सायब न्हाय. सरपंचांना सांगलो, ते म्हणले, फ्लेक्स झालाय आता." लोक हसले. अप्पा हसू थांबेपर्यंत थांबले. "लई लोकांची जाहिरात करतो ह्यो. आपल्या दुकानाची एकदाबी केला न्हाय."

यावर जो हशा झाला तो मी आजवर कुठल्या सभेत ऐकला नाही. सरपंच मुरलेले. त्यांनी लगेच माइक घेतला. साहेब नाही तर नाही, मॅनेजर तर आहे की, आणि मॅनेजर काय कमी असतो! शाल आणलेली होती ती घातली, नारळ दिला, हलगी पुन्हा सुरू झाली. जेवण तयार होतं, ते काय कुणी परत पाठवणार होतं? सगळं गाव जेवलं. फ्लेक्स महिनाभर तसाच राहिला, कारण त्यावर सरपंच होते.

परतीच्या एसटीत मॅनेजरने फेटा सोडून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, अप्पांनी पहिल्याच दिवशी वाचलं होतं. त्या दिवसापासून रोज फोन करायचे आणि जेवलास का एवढंच विचारायचे. हा आपण होऊन सांगेल म्हणून वाट बघत होते.  कंडक्टर आला तेव्हा त्याचं तिकीट मी काढलं.

पुढच्या अंकाला त्या अकॅडमीने पुन्हा मागचं पान मागितलं. मॅनेजरने दिलं नाही. त्या पानावर अप्पांच्या दुकानाची जाहिरात लागली. पूर्ण पान, एकही फोटो नाही, वरपासून खालपर्यंत बारीक अक्षर. कोणकोणता माल मिळतो आणि कसा मिळतो ते सगळं. शेंगा यंदाच्या आहेत. कुजकी निघाली तर परत घेऊ. ज्वारी घरची आहे. उधारी मिळते, पण मागितल्यावर राग धरू नये. आमचे सर चिडले, सोलापूरची पोरं साखर आणायला अक्कलकोटच्या पुढे जाणार आहेत का, म्हणाले. मी विचारलं, एवढं कोण वाचणार? तो म्हणाला, हाय एक जण.

तो त्याचा शेवटचा अंक. त्यानंतर ना तो जाहिरातीला फिरला, ना फॉर्म भरला. एके दिवशी खोलीला कुलूप दिसलं आणि कळलं की मॅनेजर पुण्याला गेला. पेपरही पुढे मोबाइलवर निघायला लागला. आता त्यात कुणी शेंगा बांधत नाही, म्हणजे तो कुठेच पोचत नाही.

मागे एका लग्नाला अक्कलकोटला गेले होते तेव्हा वाकडी वाट करून त्या दुकानात गेले. अप्पांनी लगेच ओळखलं. "ये अव्वा," म्हणाले. अव्वा म्हणजे आई, पण कानडी घरांतून पोरीबाळींनाही अव्वाच म्हणतात. मॅनेजरचं विचारलं. तिकडं जाहिरातीतच हाय म्हणे, यायला जमंना झालंय त्याला, असं म्हणून ते माझ्यासाठी गूळ-शेंगा काढायला वळले.

त्यांच्या पाठीमागे फळीवर ते पान चिकटवलेलं होतं. पिवळं पडलेलं, कडेला हळदीची बोटं. अगदी शेवटी, छापलेलं संपतं तिथे, त्यांनी पेनने वाकड्यातिकड्या अक्षरात एक शब्द वाढवला होता: खोबरं. ते घालायचं पोरगा विसरला होता. मी नुसती बघत उभी राहिले आणि छान आहे असं काहीतरी बोलले.

अप्पांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "बघायलीस काय अव्वा," म्हणाले, "वाच की."

दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं होतं. मी वाचलं. मोठ्याने, साखरेपासून खोबऱ्यापर्यंत.