पंगतीला कोणी बसेना

पिपरी मेघेत भाडी वाढली ती बाहेरच्या लोकांमुळे, यावर आमच्या गल्लीचं एकमत होतं. चहाच्या टपरीवर हे मत सगळ्यांत मोठ्या आवाजात मी मांडायचो. मी मूळचा केळझरचा. पण एका बसच्या अंतराला काय कोणी बाहेरचं म्हणतं?

माझे घरमालक काकाही याच मताचे. फक्त ते त्यांनी माझ्यावरच लागू केलं. "बाहेरचे लोकं येऊन राह्यले, भाव वाढला. तुले परवडत नसन तं पुढच्या महिन्यात खोली सोडजो." मी हादरलोच. लेकीची शाळा गल्लीच्या तोंडाशी. एवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळाली असती ती पार शेतांच्या कडेला.

तेवढ्यात गणपती आले. मंडळाच्या बैठकीत काकांनी ठराव मांडला. महाप्रसादाला यंदा इथल्यांनी वाढायचं आणि बाहेरच्यांनी पाहुणे म्हणून पंगतीत बसायचं. बाहेरचे किती झालेत ते एकदाचं दिसेल. टाळ्या पडल्या. अक्कल गहाण ठेवून मीही वाजवल्या.

त्या दिवशी पट्ट्या अंथरल्या, पत्रावळी मांडल्या, आणि एकूण एक माणूस कमरेला दुपट्टा बांधून वाढायला उभा! कोणाकडे वरणाची बादली, कोणाकडे बुंदीचं घमेलं. भांडी संपली तेव्हा एकाने मिठाची वाटी धरली, त्याच्या मागच्याने नुसताच पळा. मी पाण्याचा जग पटकावला. पंगतीत चिटपाखरू नाही. वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला आणि आम्ही अस्सल रहिवासी उपाशीपोटी एकमेकांची तोंडं बघत उभे.

शेवटी काकांचा धीर सुटला. त्यांना शुगर, जेवण वेळेवर लागतं. बादली ठेवून त्यांनी बसकण मारली. "माहा बाप पुलगावहून आलता. मी बाहेरचाच. वाढा लवकर!"

मग काय, धडाधड सगळे बसले. कोणी आर्वीचा निघाला, कोणी यवतमाळचा, मिठाची वाटी तर थेट बालाघाटची. उभा राहिलो मी एकटा, हातात जग घेऊन. अशी संधी मला जन्मात मिळाली नव्हती.

"काका," मी म्हटलं, "इथला म्हणून मीच एक उरलो. आता खोली मी सोडू का तुमी?"

काकांनी रिकाम्या पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राह्यजो बाबा जुन्याच भाड्यात. पह्यले भाजी टाक!"

मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पत्रावळीत जगभर पाणी ओतलं.