शेवटच्या घरातली वायर

राजारामपुरीतल्या त्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं नाव मी विचारलंच नाही. एका जागी उभा राहील तर विचारणार ना! मूळचा हुपरीचा. घरचं चांदीकाम सोडून या धंद्यात आलेला. हातात अजून घुंगरू लावायचा चिमटा, आणि बसला की पाय सारखा हलायचा.

माझ्या गेमिंगच्या कॉम्प्युटरात मी दोन कंपन्यांची दोन ग्राफिक्स कार्डं बसवली होती. नवं माझं, जुनं भावाचं. भांडून वेगळा राहायला गेला तेव्हा ते टेबलावर ठेवून गेला. त्यानंतर आम्ही बोललो नाही. गेम आणखी सफाईनं पळावा म्हणून दोन्ही कार्डांत काम वाटून दिलं, तर तो उलट अडखळायला लागला.

"दोन कंपन्यांचं जमत नसेल," मी म्हणालो.

"जमाया कशाला पायजे, पावणं?" तो खेकसला. "आमच्यात एक पैंजण चार घरं फिरतंय. एका घरात तार वडत्यात, दुसऱ्यात कड्या जोडत्यात, तिसऱ्यात घुंगरू. बोलणं नसलं तरी माल पुढच्या घरात देत्यात की! तुमचं नवं कार्ड चित्रं काढतंय, जुनं त्या चित्रांच्या मधली चित्रं भरतंय. आन् स्क्रीनची वायर नव्याला? तयार माल परत मागच्या घरात कशाला न्हेताय?"

त्यानं वायर भावाच्या कार्डाला लावली. गेम सरळ पळाला.

घरी आल्यावर मी भावाला चालू गेमचा फोटो पाठवला. शब्द एकही लिहिला नाही. फोन समोर ठेवून बसलो, आणि बघतो तर माझाही पाय हलत होता.